वाचकांचे प्रश्न : बुलेटिन बोर्डाच्या टपालजाळ्यात नोडची नोंद

हौशी मंडळींनी चालवलेल्या बुलेटिन बोर्डांना, म्हणजे संगणकावरील संदेशफलकांना, टपालाने जोडणारी फिडोनेट-पद्धतीची जाळी आजही चालू आहेत. नव्याने बोर्ड उभारणाऱ्या वाचकांची या वेळची बहुतेक पत्रे एकाच जागी अडलेली आहेत : समन्वयकाने क्रमांक दिला, तो सांगितल्याप्रमाणे भरला, तरी टपाल जागचे हलत नाही. पत्रांतील खरे क्रमांक आणि यंत्रांची नावे गाळून आम्ही सर्वत्र एकच कल्पित पत्ता वापरला आहे. त्यात झोन ९६, नेट २६०, हबचा नोड १०० आणि प्रश्नकर्त्याचा नोड ३१० असे धरावे. नोड म्हणजे जाळ्यातील एक बोर्ड, आणि हब म्हणजे इतर नोडांचे टपाल देणारा-घेणारा नोड.

प्रश्न : मला ९६:२६०/३१० हा पत्ता मिळाला आहे. जाळ्याची नोडलिस्ट, म्हणजे नोडांची यादी, उघडली तेव्हा माझ्या ओळीत केवळ ३१० दिसला; ९६ आणि २६० यांचा पत्ताच नाही. ओळ एका मोकळ्या स्वल्पविरामाने सुरू होते, टेलिफोनच्या जागी ‘अप्रकाशित’ आणि वेगाच्या जागी ३०० असे आहे. माझ्याकडे मॉडेमदेखील नाही. नोंद चुकली आहे काय?

उत्तर : नोंद बरोबर आहे. ती एकटी वाचल्यामुळे आपल्याला चुकीची वाटली. टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये सान फ्रान्सिस्को येथे फिडोनेट सुरू केले, तेव्हा प्रत्येक बोर्डाला एकच साधा क्रमांक असे. बोर्ड वाढले आणि एका माणसाने साऱ्या जाळ्याची यादी सांभाळणे अशक्य झाले, म्हणून १९८५ मध्ये बोर्डांचे गट पाडून प्रत्येक गटाला नेटचा क्रमांक देण्यात आला. पुढे नेटच्या वर झोन आला आणि नोडच्या खाली पॉइंट. आपल्या पत्त्यातील विसर्गचिन्हाच्या आधीचा आकडा झोनचा, तिरक्या रेघेच्या आधीचा नेटचा आणि नंतरचा नोडचा आहे. नोडलिस्ट मात्र हा पत्ता प्रत्येक ओळीत पुन्हा लिहीत बसत नाही. वर कोठेतरी ‘झोन’ या शब्दाने सुरू होणारी ९६ ची ओळ असते, तिच्या खाली ‘होस्ट’ या शब्दाने सुरू होणारी २६० ची ओळ असते, आणि पुढची होस्ट-ओळ येईपर्यंतचे सर्व नोड २६० चेच मानले जातात. त्यामुळे नोडलिस्ट नेहमी वरून खाली वाचावी लागते. आपली ओळ चुकून दुसऱ्या होस्टखाली गेली, तर तिच्यातील एकही अक्षर न बदलता आपला पत्ता बदलेल. समन्वयकाकडे खातरजमा करताना स्वतःच्या ओळीइतकेच तिच्या वरच्या होस्ट-ओळीकडे लक्ष द्यावे, ते याचसाठी.

आता ओळ पाहू. प्रत्यक्ष यादी रोमन लिपीत असते. वाचण्याच्या सोयीसाठी येथे ती देवनागरीत मांडली आहे :

,३१०,बोर्डाचे_नाव,ठिकाण,सिसॉपचे_नाव,-अप्रकाशित-,३००,सीएम,आयबीएन,आयएनए:यंत्राचे-नाव

स्वल्पविरामाच्या आधीची मोकळी जागा म्हणजे ‘साधा नोड’. तेथे ‘होल्ड’ लिहिले असते तर ‘या नोडचे टपाल तूर्त रोखून धरा’ असा अर्थ झाला असता, ‘डाउन’ लिहिले असते तर ‘नोड सध्या बंद आहे’ असा, आणि ‘पीव्हीटी’ असते तर ‘या नोडशी थेट संपर्काची वाट नाही, टपाल त्याच्या हबमार्फत द्या’ असा. स्वल्पविराम हा रकान्यांमधील कुंपण असल्यामुळे तो बोर्डाच्या नावात कधीही घालू नये. नावात एक स्वल्पविराम शिरला की पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकतात आणि सिसॉपचे, म्हणजे बोर्डचालकाचे, नाव टेलिफोनच्या रकान्यात जाऊन बसते. रिकाम्या जागेऐवजी खालची रेघ द्यावी. ‘३००’ हा मॉडेमच्या काळाचा अवशेष आहे. वेगाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून केवळ इंटरनेटवरून चालणाऱ्या नोडांसाठी सर्वांत लहान आकडा लिहिण्याची प्रथा पडली. आपली जोडणी कितीही वेगवान असली तरी या रकान्यात तिचा अपमान होत नाही, कारण त्याकडे आता कोणी पाहत नाही.

खरा मजकूर शेवटच्या खुणांमध्ये, म्हणजे फ्लॅगमध्ये असतो. ‘सीएम’ म्हणजे हा नोड चोवीस तास टपाल घेतो. ‘आयबीएन’ म्हणजे तो बिंकपी या शिष्टाचाराने, म्हणजे मेलरांच्या संभाषणाच्या ठरलेल्या नियमांनी, बोलतो. ‘आयएनए’ नंतर यंत्राचे इंटरनेटवरील नाव येते. बिंकपीचे ठरलेले पोर्ट २४५५४ आहे. आपण तेच वापरत असाल तर ते लिहिण्याची गरज नाही. वेगळे असेल तरच ‘आयबीएन’ नंतर विसर्गचिन्ह देऊन लिहावे.

एक गोष्ट येथेच सांगतो, कारण पुढच्या दोन्ही पत्रांतील घोळ तिच्यातूनच झाला आहे. नोडलिस्टमधील ओळ ही चारचौघांत करून दिलेली ओळख आहे. त्या ओळीमुळे आपले हबशी देणेघेणे सुरू होत नाही. त्यासाठी आपल्या यंत्रावर आणखी दोन नोंदी लागतात : एक मेलरमध्ये, जो दुसऱ्या यंत्राशी जोडणी करून फाइली नेतो-आणतो, आणि दुसरी टॉसरमध्ये, जो आलेली पाकिटे फोडून संदेश बोर्डावर मांडतो व जाणारे संदेश पाकिटांत भरतो. काही बोर्ड-प्रणालींत ही दोन्ही कामे एकाच पडद्यावर दिसतात, त्यामुळे नोंदही एकच आहे असा समज होतो. आतमध्ये त्या दोनच असतात.

प्रश्न : हबशी जोडणी होते, फाइली येतात, नोंदवहीत एकही त्रुटी दिसत नाही. तरीही बोर्डावर एकही संदेश उमटत नाही. हबचालक म्हणतात की त्यांच्या बाजूला माझे सत्र ‘असुरक्षित’ दिसते. पासवर्ड मी तीनदा तपासला आहे.

उत्तर : कोणता पासवर्ड, हा पहिला प्रश्न आहे. एका हबशी नाते जोडताना साधारणपणे तीन पासवर्ड ठरतात. सत्राचा पासवर्ड दोन मेलरांमध्ये जोडणीच्या क्षणी तपासला जातो. पाकिटाचा पासवर्ड प्रत्येक पाकिटाच्या शीर्षभागात लिहिलेला असतो आणि तो टॉसर तपासतो. तिसरा एरियाफिक्सचा : ‘एरियाफिक्स’ या नावाने हबला नेटमेल, म्हणजे एकाने एकाला लिहिलेले खासगी पत्र, पाठवून चर्चाविभाग सुरू किंवा बंद करताना तो विषयाच्या ओळीत लिहावा लागतो. आपल्या पत्रावरून दिसते की आपण सत्राचा पासवर्ड टॉसरच्या पडद्यावर भरला आहे आणि मेलरमधील रकाना मोकळा आहे. अशा वेळी मेलर जोडणी नाकारत नाही. समोरच्याला अनोळखी पाहुणा मानून त्याने आणलेले सामान वेगळ्या, असुरक्षित आवक-फोल्डरमध्ये ठेवतो. टॉसर त्या फोल्डरमधील चर्चासंदेशांना सहसा हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कोणीही आपल्या हबचे नाव सांगून आपल्या बोर्डावर काहीही ओतून गेला असता. आपले न आलेले संदेश तेथेच पडून असतील. ते पाहून घ्यावेत, मग पासवर्ड योग्य जागी लिहावा.

पासवर्ड योग्य जागी असूनही सत्र असुरक्षित राहिले, तर पत्त्याच्या शेपटीकडे पाहावे. बिंकपीमध्ये दोन्ही मेलर आधी आपापले पत्ते सांगतात आणि त्या पत्त्यांपुढे जाळ्याचे नाव, म्हणजे डोमेन, जोडलेले असते. आपण डोमेनचे नाव एका तऱ्हेने लिहिले आणि हबने दुसऱ्या तऱ्हेने, तर क्रमांक अक्षरशः तोच असूनही मेलरच्या लेखी तो नोड परका ठरतो आणि त्याच्या नावावरचा पासवर्ड शोधलाच जात नाही. हे नाव आपल्या आवडीने ठेवण्याची गोष्ट नाही. जाळ्याच्या माहितीपत्रात ते जसे दिले असेल तसेच, लहान रोमन अक्षरांत, लिहावे.

आणखी दोन बारकावे आहेत. पाकिटाच्या शीर्षभागात पासवर्डासाठी आठच अक्षरांची जागा आहे. नऊ अक्षरांचा पासवर्ड ठरवला तर एका बाजूचा टॉसर तो छाटतो, दुसऱ्या बाजूचा छाटत नाही, आणि दोघेही आपण बरोबर आहोत असे सांगतात. दुसरे असे की, एकच यंत्र दोन जाळ्यांत आपले हब असेल, तर दोन्ही पत्त्यांसाठी सत्राचा पासवर्ड एकच ठेवावा. बिंकपीच्या एका सत्रात पासवर्ड एकदाच सांगितला जातो, पण पत्ते मात्र सगळे एकदम सांगितले जातात.

प्रश्न : टॉसर सांगतो की हबसाठी पाकीट तयार झाले. मेलर दर तासाला हबशी जोडतो, सत्र सुरक्षित असते, पण माझ्याकडून काहीच जात नाही. जावक-फोल्डरमध्ये ‘०१०४००६४’ नावाची एक फाइल वाढत चालली आहे. १०४/६४ हा नोड कोणाचा, हे मला ठाऊकही नाही. मी आधी दुसऱ्या एका जाळ्याचा सदस्य होतो आणि हे जाळे नंतर जोडले आहे.

उत्तर : ती फाइल आपल्या हबचीच आहे. बिंकली या जुन्या मेलरच्या पद्धतीच्या जावक-फोल्डरमध्ये फाइलचे नाव हाच पत्ता असतो, आणि तो हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावरच्या, अंकपद्धतीत लिहिलेला असतो. पहिली चार घरे नेटची, पुढची चार नोडची. २६० ला सोळाने भागत गेल्यास ०१०४ मिळतो आणि १०० चा ००६४ होतो. या उदाहरणात अक्षरे आली नाहीत म्हणून तो साधा आकडा वाटला. एखादे रोमन अक्षर मध्ये असते तर आपल्याला लगेच शंका आली असती. आपला स्वतःचा नोड ३१० याच हिशेबाने ०१३६ होतो. हे भाषांतर संगणक आपणहून करतो, त्यामुळे नोंदी भरताना नेहमीचे दशमान आकडेच लिहावेत. हेक्साडेसिमल वाचण्याची गरज बिघाड शोधताना पडते, पण त्या वेळी मात्र ती टाळता येत नाही.

आपल्या पत्रातील कळीचे वाक्य शेवटचे आहे. जुने जाळे आपला मुख्य झोन आहे आणि ९६ हा नंतर आलेला. बिंकली-पद्धतीत मुख्य झोनचे टपाल साध्या जावक-फोल्डरमध्ये राहते. इतर प्रत्येक झोनसाठी त्याच नावाचा, पुढे बिंदू आणि झोनचा तीन घरांचा क्रमांक असलेला, वेगळा फोल्डर होतो. हा क्रमांकही हेक्साडेसिमल असतो, म्हणून ९६ चा फोल्डर .०९६ नसून .०६० असतो. टॉसर आणि मेलर यांचे ‘मुख्य झोन कोणता’ याबाबत एकमत नसेल, तर टॉसर एका फोल्डरमध्ये पाकीट ठेवतो, मेलर दुसऱ्या फोल्डरमध्ये डोकावून ‘पाठवण्यासारखे काही नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो, आणि दोघांच्याही नोंदवहीत त्रुटीची ओळ उमटत नाही. माझ्या मते या साऱ्या पद्धतीतील हा सर्वांत छळणारा बिघाड आहे, कारण यात कोणाचीच चूक दिसत नाही. आपली फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते पाहावे, आणि दोन्ही कार्यक्रमांत मुख्य पत्ता, डोमेनचे नाव व त्या डोमेनचा जावक-मार्ग ही तीन घरे शेजारी शेजारी उघडून ताडावीत. फोल्डर हाताने तयार करू नये. ज्याला गरज असेल तो कार्यक्रम तो स्वतःच तयार करतो. हाताने केलेला ‘.०९६’ फोल्डर केवळ दिशाभूल करतो.

फोल्डर जुळूनही टपाल अडलेलेच राहिले, तर फाइलच्या नावाची शेपटी पाहावी. ‘एफएलओ’ असेल तर सामान्य टपाल, ‘सीएलओ’ असेल तर तातडीचे, ‘एचएलओ’ असेल तर थांबवलेले. थांबवलेल्या टपालासाठी मेलर आपणहून संपर्क साधत नाही, समोरचा येईल तेव्हा देतो. टॉसरमध्ये हबची नोंद करताना प्रकार म्हणून ‘होल्ड’ निवडले गेले असेल, तर हीच शेपटी दिसेल. या फाइलींत टपाल स्वतः नसते, पाठवायच्या फाइलींचे पूर्ण मार्ग एकेका ओळीत लिहिलेले असतात. ओळीच्या सुरुवातीला ^ हे चिन्ह असेल तर पाठवून झाल्यावर ती फाइल पुसायची असते. टॉसर आणि मेलर वेगवेगळ्या यंत्रांवर असतील, तर एकाला दिसणारा मार्ग दुसऱ्याला दिसेलच असे नाही.

शेवटी त्याच नावाची ‘बीएसवाय’ शेपटीची फाइल आहे का, ते बघावे. ‘या नोडच्या टपालाला सध्या मी हात लावला आहे, दुसऱ्याने लावू नये’ अशी ती कुलूपवजा खूण असते. वीज जाऊन कार्यक्रम मध्येच मेला, तर कुलूप तसेच राहते. माझ्या स्वतःच्या बोर्डावर असे एक कुलूप आठवडाभर पडून होते आणि मी त्या काळात हबचालकांना दोन तक्रारवजा पत्रे पाठवली होती. दोन्ही कार्यक्रम बंद आहेत याची खात्री करूनच ती फाइल पुसावी.

प्रश्न : नोडलिस्टमधील सर्व नोडांची नोंद मेलरमध्ये करावी काय? शिवाय मी दुसऱ्या झोनमधील एका मित्राला पाठवलेले नेटमेल आमच्याच झोनमधील, तोच नेट-नोड क्रमांक असलेल्या गृहस्थांना मिळाले. असे का व्हावे?

उत्तर : पहिल्याचे उत्तर : नको. ज्यांच्याशी आपले पासवर्ड ठरले आहेत त्यांचीच नोंद करावी, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत एकट्या हबची. बाकी साऱ्यांचे नेटमेल हबमार्फत जावे असा एक मार्गनियम टॉसरमध्ये लिहिला की पुरते.

दुसऱ्याचे मूळ जुन्या रचनेत आहे. पाकिटातील प्रत्येक संदेशाच्या शीर्षभागात नेट आणि नोड यांनाच रकाने आहेत, झोनला नाही, कारण रचना ठरली तेव्हा झोन अस्तित्वातच नव्हते. झोन सांगण्यासाठी पुढे संदेशाच्या मजकुरातच ‘आयएनटीएल’ नावाची एक दडलेली ओळ घालण्याची सोय झाली, जिच्यात आधी घेणाऱ्याचा आणि मग पाठवणाऱ्याचा झोनसह पत्ता असतो. संदेश लिहिण्याचा आपला कार्यक्रम, म्हणजे संपादक, ही ओळ लिहीत नसावा. मग वाटेतील प्रत्येक यंत्र स्वतःचाच झोन गृहीत धरते. संपादकाच्या मांडणीत आपला स्वतःचा पत्ता झोनसह भरलेला आहे का, ते पाहावे. तेथे केवळ ‘२६०/३१०’ लिहिलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

प्रश्न : दर आठवड्याला येणारी फरकांची फाइल नोडलिस्टला लावताना ‘जुळत नाही’ असा संदेश येतो. मी नोडलिस्टमध्ये स्वतः काही बदललेले नाही. केवळ एकदा उघडून पाहिली होती.

उत्तर : उघडून पाहिली आणि बंद करताना जतनही झाली असावी. फिडोनेटमध्ये ही यादी दर शुक्रवारी निघते आणि तिच्या नावाची शेपटी म्हणजे वर्षातील त्या दिवसाचा क्रमांक असतो : ०१२ नंतर ०१९, नंतर ०२६. फरकांच्या फाइलीत नवी यादी नसते. जुन्या यादीतील इतक्या ओळी उतरवून घ्या, इतक्या गाळा, पुढील इतक्या नव्याने घाला, अशा तीनच प्रकारच्या आज्ञा तिच्यात असतात. तिची पहिली ओळ जुन्या यादीच्या पहिल्या ओळीशी हुबेहूब जुळावी लागते. एखादा आठवडा चुकला की पुढचा फरक लागत नाही, आणि मधला फरक मिळवल्याखेरीज साखळी सांधत नाही.

आपल्या बाबतीत आठवडा चुकलेला नसेल, तर ओळींचे शेवट बदललेले असणार. यादीच्या पहिल्या ओळीच्या अखेरीस एक तपास-अंक असतो. तो पहिली ओळ वगळून उरलेल्या सर्व अक्षरांवरून काढतात, आणि त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटची दोन अदृश्य चिन्हेही मोजली जातात. मजकूर उघडण्याचे काही संपादक-कार्यक्रम जतन करताना दोहोंतील एक चिन्ह गाळतात; डोळ्यांना यादी तीच दिसते, तपास-अंक मात्र हुकतो. दुरुस्तीच्या नादी न लागता संपूर्ण ताजी यादी हबकडून मागवावी आणि पुढे ती वाचायची असेल तर तिची प्रत काढून वाचावी. आवळलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) यादीच्या शेपटीत दिवसाचे शेवटचे दोनच अंक असतात, त्यामुळे ०१२ की ११२ असा संभ्रम अनेकांना पडतो. शंभर दिवस, दोनशे दिवस किंवा तीनशे दिवस यांपैकी कशालाही सातने भाग जात नाही, म्हणून एका वर्षात त्या दोन अंकांचा शुक्रवार एकच निघतो.

प्रश्न : माझ्या इंटरनेट-जोडणीला बाहेरून पोहोचता येत नाही, सेवा देणाऱ्यांनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. २४५५४ पोर्ट राउटरवर उघडूनही उपयोग झाला नाही. तरी मी ‘सीएम’ लावू शकतो काय?

उत्तर : लावू नये. ‘सीएम’ हे इतरांना दिलेले वचन आहे : केव्हाही या, दार उघडे आहे. आपले दार बाहेरून उघडतच नसेल, तर दूरचे मेलर व्यर्थ ठोठावत राहतील. राउटरवर उघडलेले पोर्ट येथे पुरे पडत नाही, कारण अडसर त्याच्याही पलीकडे, सेवा देणाऱ्यांच्या यंत्रावर आहे. आपली ओळ ‘पीव्हीटी’ म्हणून लावावी, ‘आयबीएन’ आणि ‘आयएनए’ गाळावे, आणि आपल्या मेलरने ठरावीक अंतराने हबशी स्वतः जोडणी करावी. हबला मात्र हे कळवावे, म्हणजे ते आपले टपाल ‘होल्ड’ प्रकारात ठेवतील आणि आपल्याकडे जोडण्याचा प्रयत्न करणार नाहीत. यात कमीपणा काही नाही. पूर्वी बहुसंख्य नोड रात्रीच्या ठरलेल्या एका तासातच टपाल घेत. उत्तर अमेरिकेच्या झोनचा तो तास जागतिक वेळेनुसार ९ ते १० आणि युरोपच्या झोनचा २:३० ते ३:३० असा होता.

प्रश्न : मला बोर्ड चालवायचाच नाही, फक्त चर्चा वाचायच्या व लिहायच्या आहेत. तरी नोड घ्यावा लागेल काय?

उत्तर : पॉइंट घ्यावा. कोणत्याही नोडचालकाने होकार दिला की ९६:२६०/३१०.१ असा पत्ता मिळतो, आणि त्यासाठी नोडलिस्टमध्ये ओळ लागत नाही. बाहेरच्यांच्या दृष्टीने आपले टपाल ३१० लाच येते. पुढे ते आपल्यापर्यंत पोहोचवणे ही त्या नोडची जबाबदारी. मेलर आणि टॉसर आपल्याकडेही लागतीलच. त्या दोन्हींत स्वतःच्या पत्त्यातील ‘.१’ विसरू नये. तो राहून गेला तर आपले यंत्र स्वतःला ३१० समजेल आणि आपल्याच नोडचालकाच्या नावाने त्याच्या दारात उभे राहील.